अजाणपणाची मुदत : ‘शाळा’, ‘उचल्या’ आणि एक आयरिश चित्रपट

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची कथा येते. मांडव्य ऋषी मौनव्रत धरून आश्रमाच्या दारी तप करीत असता राजरक्षकांनी पाठलाग केलेले चोर तेथे शिरतात आणि लुटीचा माल आश्रमातच दडवतात. रक्षक विचारतात, ऋषी बोलत नाहीत. न बोलणे हाच पुरावा ठरतो व चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविले जाते. पुढे मांडव्य धर्माच्या सभेत जाऊन आपल्या हातून असे कोणते पाप घडले होते, असे विचारतात. लहानपणी पाखरांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ, असे उत्तर त्यांना मिळते. मांडव्य संतापतात. अजाण वयातील कृत्याला इतके कठोर शासन करणाऱ्या धर्मालाच ते शाप देतात, आणि चौदा वर्षांचे वय होईतो केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा घालून देतात. शापामुळे धर्माला शूद्र योनीत जन्म घ्यावा लागतो. तोच विदुर.

ही कथा विदुराच्या जन्माची उपपत्ती म्हणून सांगितली जाते. परंतु बाल्य आणि कुमारवय यांविषयीच्या साहित्याचा विचार करताना ती स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहे. बालकाला नैतिक अभय देणारे हे आपल्या परंपरेतील सर्वांत स्पष्ट वचन. पण ज्या श्वासात हे अभय दिले जाते, त्याच श्वासात विशिष्ट जातीतील जन्म ही शिक्षा मानली जाते. वयाने येणारा दोष पुसला गेला आणि जन्माने येणारा दोष पक्का झाला. हे दोन्ही एकाच तोंडून घडले, हा योगायोग नव्हे. अजाणपणाची सवलत कोणाला मिळते आणि ती ज्याला मिळते त्याच्या वाट्याचे ओझे कोण उचलते, हा प्रश्न या कथेच्या पोटात आहे. कुमारवयाचे चित्रण करणाऱ्या कलाकृतींपाशी हाच प्रश्न घेऊन जाणे येथे अभिप्रेत आहे.

मराठी भाषेत या संक्रमणासाठी एकच शब्द नाही, हेही बोलके आहे. ‘वयात येणे’ हा प्रयोग प्रामुख्याने शरीराशी निगडित. आणि तो मुलीच्या बाबतीत अधिक उघडपणे केला जातो. ‘शहाणी झाली’ असे म्हणताना तर शहाणपणाचा अर्थच देहापुरता आवळला जातो. मुलगा मात्र ‘जाणता’ होतो. जाणता होणे म्हणजे व्यवहार कळू लागणे, घरातल्या बोलण्यात बसू दिले जाणे. म्हणजे मुलीचे मोठे होणे तिच्यावर येऊन आदळते आणि मुलाचे मोठे होणे त्याला बहाल केले जाते. ‘नकळत्या वयातली चूक’ ही सबब कोणाच्या बाबतीत मानली जाते, याची उत्तरेही भाषेने अशी आधीच वाटून ठेवली आहेत.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ मध्ये मौज प्रकाशन गृहाने प्रकाशित केली. सुजय डहाके यांनी त्यावर केलेला चित्रपट २०११ चा. तो जानेवारी २०१२ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला, व रूपांतरित पटकथेसाठी अविनाश देशपांडे यांचाही राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. नववीत शिकणारा मुकुंद जोशी, त्याचे मित्र, वर्गातली शिरोडकर, बांधकाम अर्धवट पडलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा आणि पार्श्वभूमीला १९७५-७६ ची आणीबाणी, ही या कलाकृतीची सामग्री बहुतेक वाचकांना परिचित आहे. तिच्या लोकप्रियतेचे कारण सहसा स्मरणरंजनात शोधले जाते. ते पूर्णतः चूक नाही. तथापि कादंबरीपुरते तरी ते अपुरे आहे.

‘शाळा’चा निवेदक मुकुंद आहे, आणि त्याला जेवढे कळते तेवढेच कादंबरीला कळते. प्रौढ लेखक मध्ये येऊन पोक्त भाष्य करीत नाही. निवेदनावरचा हा संयम हा कादंबरीचा मोठा कलागुण आहे, आणि तिचा नैतिक पेचही तेथेच आहे. मुलांच्या बोलीत ‘लाइन देणे’ हा शब्दप्रयोग आहे. मुलीने वळून पाहिले की नाही, किती वेळा पाहिले, कोणाकडे पाहिले याची बारकाईने मोजदाद होते. मुकुंद शिरोडकरच्या वाटेवर रेंगाळतो, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा ध्यानात ठेवतो. हे सारे कोवळे वाटते, कारण ते त्याच्या आतून सांगितले जाते, आणि तिच्याकडून होकारार्थी चिन्हे मिळत जातात. पण शेजारीच सुऱ्या आणि केवडा यांचे उपकथानक आहे. तेथेही तोच अड्डा, तीच परिभाषा, तीच टेहळणी. फक्त मुलीला ते नको आहे. प्रकरण तक्रारीपर्यंत व शिक्षेपर्यंत जाते. मुकुंदचे प्रेम आणि सुऱ्याचा गुन्हा यांत कृतीचा म्हणावा तसा फरक नाही. फरक मुलीच्या उत्तराचा आहे. कादंबरीने स्वतःच्या आतच हा मापदंड ठेवला आहे. मुकुंदला तो उमगत नाही, मित्राचे वाईट झाले एवढेच त्याला कळते. वाचकाला मात्र तो उमगायला हवा.

दुसरी गोष्ट नावाची. मुकुंद तिला सदैव ‘शिरोडकर’ म्हणतो. हजेरीपटातले आडनाव हेच प्रेमाचे नाव होते, यातला गोडवा नाकारण्याचे कारण नाही. पण आडनाव म्हणजे घर, आडनाव म्हणजे बाप. ज्या नावाने तो तिला आळवतो, त्याच नावाचे घर शेवटी तिला गावातून घेऊन जाते. वडिलांची बदली हे कारण सांगितले जाते. त्या घरात त्या दिवसांत काय बोलले गेले, तिला काय सोसावे लागले, हे मुकुंदला कळण्याचा मार्ग नाही, म्हणून कादंबरीलाही नाही. त्याच्या हाती विरह उरतो, आणि विरह ही आपल्या काव्यपरंपरेत नेहमीच पुरुषाला शोभा देणारी अवस्था ठरली आहे. तिच्या हाती काय उरले?

माध्यमांतराचा प्रश्न येथे केवळ तंत्राचा राहत नाही. कादंबरीत मुकुंद पाहणारा असतो. पडद्यावर तो पाहिला जातो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी काही काळ उभा राहू शकतो, सतत नाही. अंशुमन जोशी यांचा चेहरा दिसू लागला की मुकुंद हा एक मुलगा होतो, अनेकांपैकी एक. आणि केतकी माटेगावकर यांची शिरोडकर समोर आली की तिच्या डोळ्यांतील भीती निवेदकाच्या परवानगीशिवाय प्रेक्षकापर्यंत पोहोचते. कादंबरी जे देऊ शकत नव्हती, ते देण्याची ही संधी होती. चित्रपटाने ती अर्धीच घेतली असे म्हणावे लागते. दिएगो रोमेरो यांचे छायालेखन इतके मऊ आहे की भूतकाळावर एक साय धरते. आणीबाणीही त्या सायीखाली जाते आणि काळाचा रंग म्हणून उरते. वास्तविक ‘शाळा’मध्ये आणीबाणीचे प्रयोजन सखोल होते. त्या एकवीस महिन्यांत प्रौढांनाच अजाण राहण्याची सक्ती होती. वृत्तपत्रांनी काय छापायचे नाही आणि बैठकीत काय बोलायचे नाही हे जाणत्यांनी नव्याने शिकून घेतले. मुले जाणती होऊ पाहत असताना मोठी माणसे अजाण झाली होती. नरूमामासारखे पात्र या विसंगतीच्या कडेवर उभे असते. पडद्यावर ही कड गुळगुळीत झाली आहे.

या संदर्भात एक आयरिश चित्रपट शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. लेनी अब्राहमसन यांचा ‘व्हॉट रिचर्ड डिड’ (२०१२) हा केविन पॉवर यांच्या ‘बॅड डे इन ब्लॅकरॉक’ (२००८) या कादंबरीवर आधारलेला आहे. डब्लिनच्या दक्षिण भागातील सुखवस्तू कुटुंबे, रग्बी खेळणारी मुले, शाळा संपून विद्यापीठ सुरू होण्याआधीचा उन्हाळा. रिचर्ड हा सर्वांचा लाडका, जबाबदार, धाकट्यांची काळजी घेणारा मुलगा. एका रात्री मेजवानीनंतरच्या भांडणात त्याच्या लाथेने एक मुलगा मरतो. कादंबरीत आरोपी तीन आहेत, खटला आहे, आणि घडून गेलेल्या गोष्टीचे तुकडे मागाहून जुळवणारा निवेदक आहे. चित्रपटाने निवेदक काढून टाकला, खटला काढून टाकला, तिघांचा एकच केला. न्यायासन रिकामे झाले आणि प्रेक्षक नकळत तेथे जाऊन बसला. रिचर्ड वडिलांपाशी कबूल करतो. वडील कोसळतात, मग मुलाला काही दिवस दूर ठेवण्याची तजवीज करतात. मृत मुलाची आई, ज्यांना काही ठाऊक असेल त्यांनी बोलावे, असे आवाहन करते. कोणी बोलत नाही. चित्रपट संपतो तेव्हा रिचर्डचे आयुष्य शिक्षेवाचून पुढे निघालेले असते.

अ‍ॅरिस्टॉटलने अज्ञानातून घडलेल्या कृत्यांचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला होता. ज्याला नंतर पश्चात्ताप होतो त्याचेच कृत्य खऱ्या अर्थाने इच्छेविरुद्ध घडले असे म्हणावे. ज्याला होत नाही त्याचे केवळ इच्छेवाचून घडले. म्हणजे कृत्याचे स्वरूप कृत्याच्या क्षणी पूर्ण होत नाही, ते पुढच्या वागण्याने ठरते. रिचर्डला पश्चात्ताप होतो, तीव्र होतो. पण तो पश्चात्ताप बंद दारामागे खर्च होतो. वडिलांनी त्याला दिलेली गोष्ट क्षमा नव्हे, तिला मुदतवाढ म्हणावे लागेल. मांडव्याने घातलेली चौदा वर्षांची मर्यादा एका सुस्थित बापाने अठरापर्यंत ओढली. अजाणपण ही निसर्गाने दिलेली गोष्ट असते तर ती कोणालाच वाढवून घेता आली नसती. ज्याअर्थी ती वाढवता येते त्याअर्थी ती मालमत्तेसारखी आहे, आणि मालमत्तेप्रमाणेच ती काहींच्या घरी मुळातच नसते.

अशी घरे लातूर तालुक्यातल्या धनेगावात होती. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आत्मकथन म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली, भाषेची व समाजचित्रणाचीही झाली. कुमारवयाचे आख्यान म्हणून मात्र ते क्वचितच वाचले जाते. जणू ‘वयात येण्याची’ गोष्ट सांगण्यासाठी आधी मुलाला बालपण असावे लागते आणि ते येथे नसल्यामुळे हा वाङ्मयप्रकारच लागू पडत नाही. या कथनातील मुलाला अजाण ठेवणारे कोणीच नाही. पोलीस घरात शिरतात ते मुलांदेखत. चोरी हे कुळाचे काम म्हणून शिकवले जाते. त्या शिक्षणात मार खाण्याचा सरावही असतो, पोलिसांनी कितीही मारले तरी तोंड उघडू नये म्हणून. वडील या मुलाला शाळेत घालतात, तर वस्तीत हगवण-वांतीची साथ येते आणि आपल्यातले पोर शाळेत गेल्यामुळेच हे संकट आले, असे जमातीतलेच लोक म्हणतात. मुकुंद जोशीच्या कथेत शाळा ही जगापासून मुलाला वेगळे ठेवणारी भिंत आहे. येथे शाळेत जाणे हाच पहिला अपराध ठरतो.

मौनाची तुलना येथे टाळता येत नाही. रिचर्डचे न बोलणे त्याला वाचवते. धनेगावच्या मुलांना न बोलणे वळ उठेस्तोवर शिकवले जाते, आणि तरीही ते त्यांना वाचवीत नाही. कारण विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा मानला होता. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातली नजर गेली नाही, हे ‘उचल्या’चे प्रत्येक प्रकरण सांगते. मांडव्याला सुळावर चढवताना रक्षकांनी हेच केले होते. ऋषी सुटले, कारण राजाला आपली चूक कळली. येथे चूक कळणारा राजा नाही, आणि मुलाच्या हातून पाखराच्या शेपटीत काडीही गेलेली नाही.

‘उचल्या’च्या निवेदनावर एक आक्षेप असा घेतला जाऊ शकतो की त्यात बालकाची दृष्टी टिकत नाही, प्रौढ कार्यकर्त्याचा स्वर, लातूरच्या सूतगिरणीतील कामगार चळवळीतून घडलेला, लहानपणच्या प्रसंगांवरही पसरलेला आहे. ‘शाळा’च्या संयत निवेदनाशी ताडून पाहता हा आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु बालदृष्टीची निवेदनात जपणूक करणे हे मूल्य सार्वत्रिक मानावे काय? मुकुंदची बालदृष्टी टिकवता येते, कारण ती मुळात कोणीतरी टिकवलेली होती: आई-वडिलांनी, जातीने, बदलीच्या नोकऱ्यांनी. जे कधी नव्हतेच, ते कलेसाठी निर्माण करणे ही लबाडी ठरली असती. गायकवाड यांचा ओबडधोबड वाटणारा स्वर या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधील पोरक्या मुलाविषयीही असेच काही म्हणता येईल. तेथे स्वर अधिक हळवा आहे, इतकेच.

आता तिसऱ्या एका मुलाकडे वळणे भाग आहे. १९७५-७६ मध्ये नांदेडच्या एखाद्या शाळेत जो नववीत होता, तो मुकुंदचाच समवयस्क. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा झाला होता. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठरावाला विरोध करणाऱ्या आंदोलनात विद्यार्थ्यांचा सहभाग मोठा होता, बाजूने उभे राहणाऱ्यांतही तरुण होते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठही आले. सोळा वर्षांचा हा काळ एका पिढीचे सारे तारुण्य खाऊन गेला.

ज्यांनी सोसले त्यांच्या बाजूने या काळाविषयी मराठीत लिहिले गेले आहे: कवितेत, आत्मकथनात, चळवळीच्या इतिहासात. पण जमावात उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा ‘मी’ म्हणून आपल्या साहित्यात ठळकपणे उभा राहिलेला दिसत नाही. त्याने काडी ओढली असेल, नुसते पाहिले असेल, किंवा घरी येऊन दार लावून घेतले असेल. त्याच्या बापाने त्या रात्री त्याला काय विचारले, की विचारलेच नाही? आज तो साठी ओलांडलेला गृहस्थ आहे; कदाचित सेवानिवृत्त शिक्षक. नांदेडसारख्या शहरात, जेथे नरहर कुरुंदकरांनी ‘धार आणि काठ’ लिहून मराठी कादंबरीची कठोर झडती घेतली, तेथे ही अनुपस्थिती अधिकच जाणवते. मराठी कुमारवयाच्या साहित्याने पाहणारा मुलगा रंगवला, सोसणारा मुलगा बोलता केला. करणारा मुलगा त्याच्या हाती लागलेला नाही. आयरिश चित्रपटाचे महत्त्व हेच की, त्याने करणाऱ्याला मध्यभागी आणले, त्याला राक्षस केले नाही आणि त्याला सोडूनही दिले नाही. शीर्षकातच क्रियापद आहे. ‘शाळा’ हे स्थळाचे नाव आहे, ‘उचल्या’ हे जातीला चिकटवलेले नाव. कोणी काय केले, हे सांगणारे शीर्षक आपल्याकडे अजून यायचे आहे.

असे लेखन न होण्याचे एक कारण निर्भयतेचा अभाव हे असेल. पण तेवढेच नसावे. प्रथमपुरुषी कुमारनिवेदन आपल्याकडे जवळजवळ आपोआप सहानुभूतीचे साधन होते. ‘मी तेव्हा लहान होतो’ हे वाक्य उच्चारताच वाचक क्षमा करून मोकळा होतो. करणाऱ्या मुलाला ‘मी’ दिला तर त्याचा दोष विरघळेल, आणि ‘तो’ म्हटले तर तो परका, खलनायक होईल, अशी ही कोंडी आहे. निवेदक काढून टाकून चेहऱ्यावर कॅमेरा रोखणे हा अब्राहमसन यांनी शोधलेला मार्ग होता. तो गद्यात कसा आणावा, हा प्रश्न तंत्राचा दिसतो, आहे मात्र वृत्तीचा.

नांदेड-लातूर पट्ट्यातील आजचे कुमारवय याहून निराळ्या पेचात आहे, असे वाटू शकते. ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आल्यापासून खेड्यापाड्यांतील मुले-मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी या शहरांत येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात, खाणावळीचा डबा खातात आणि पहाटेपासून शिकवणी वर्गांत बसतात. प्रवेश परीक्षा होईतो त्यांना दुसरे काहीही कळू नये अशी घराची इच्छा असते. अजाणपण येथे शिस्त म्हणून राखले जाते. २०२४ मध्ये नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. त्या तपासाचा निकाल काहीही लागो, एक प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर उरतोच: जेथे कोठे बाप मुलासाठी गुण विकत घेऊ पाहतो, तेथे मुलाला किती ठाऊक असते, आणि किती ठाऊक नसावे याची व्यवस्था कोण करते? रिचर्डच्या वडिलांची समुद्रकाठची तजवीज आणि ही व्यवस्था यांत अंतर फार नाही.

मांडव्याच्या मर्यादेला आज कायद्याचे रूप आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक असते. मात्र सोळा ते अठरा वयोगटातील आरोपीच्या हातून अतिगंभीर गुन्हा घडला असल्यास, परिणाम समजण्याची त्याची पात्रता तपासून त्याला प्रौढ म्हणून खटल्याला सामोरे जायला लावता येते. ‘जाणता’ या शब्दाला कायद्याने दिलेला हा पर्याय. वय ठरवण्यासाठी पहिला आधार शाळेच्या दाखल्याचा. आणि मराठवाड्यातील खेड्यांत, जेथे जन्माची नोंद कोणी ठेवली नव्हती, तेथे पोराला शाळेत आणून उभे केले की गुरुजी त्याच्याकडे एकदा पाहत, अंदाजाने वर्ष ठरवत आणि पुढे १ जून अशी तारीख लिहीत. त्या पिढ्यांच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख अजूनही रांगेने दिसते. मुकुंद जोशीची जन्मतारीख त्याच्या आईला तोंडपाठ असणार. धनेगावच्या मुलाचे वय गुरुजींच्या हातात होते, आणि ते गुरुजी त्याला वर्गात घेणार की नाही, हे आधी ठरायचे होते.